आत्याची खोली

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी ठाण्याला राहते. वय ४८, लग्न केलेलं नाही, बँकेत नोकरी. दर मे महिन्यात आमचं सगळं कुटुंब चार रात्रींसाठी कोकणात घर भाड्यानं घेऊन राहतं. आई (वय ७९), दादा-वहिनी, धाकटा भाऊ आणि त्याची बायको, बहीण आणि तिचा नवरा, काका-काकू, चुलतभाऊ-भावजय आणि सगळ्यांची मिळून आठ मुलं. माझ्यासकट वीस माणसं. घर शोधणं, आगाऊ पैसे भरणं, तिकिटं, किराण्याची यादी हे सगळं माझ्याकडे असतं. भाड्याचे पाच वाटे करतो: दादा, धाकटा भाऊ, बहीण, काकांचं घर आणि मी. खोल्या मात्र जोडप्यांना जातात आणि मी हॉलमध्ये मुलांबरोबर गादीवर. गेल्या वर्षी एकदाच म्हटलं, की मलाही खोली बघूया का? धाकटा भाऊ म्हणाला, "तू काय, एकटीच तर आहेस." सगळे हसले, मीही हसले. ते वाक्य वर्षभर डोक्यातून जात नाही. वहिन्यांचे हाल तर माझ्याहून जास्त, त्यांचे चारही दिवस ओट्यापाशी जातात. यंदा दादाला अंजर्ल्याजवळचं डोंगरावरचं घर आवडलंय. पाच खोल्या, मोठा हॉल, खालचा सगळा समुद्र दिसतो. "आपण सगळे एका छताखाली राहू," असं तो म्हणतो. मला यंदा जावंसंच वाटत नाही. पण आईला काय सांगू?

सगळ्यांची आत्या

उत्तर

आत्या, तुम्ही सही केलीत तसंच म्हणते.

तुमचं पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा कागद घेऊन हिशेब मांडला. चार रात्रींचं भाडं साठ हजार धरूया. पाच वाटे, म्हणजे प्रत्येकी बारा हजार. तुमच्या भावाच्या घरातली माणसं चार असतील, तर त्यांना माणशी तीन हजार पडले, आणि त्यात दार लावता येईल अशी खोली मिळाली. तुम्हाला एकटीला बारा हजार पडले, आणि मिळाली गादी. शिवाय घर शोधण्यापासून किराण्यापर्यंतची सगळी मेहनत तुमची. तुमच्या भावाला हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही. पाच घरं, पाच वाटे ही वडिलांच्या काळापासूनची सवय असते, आणि आकडे मांडेपर्यंत तिच्यातला अन्याय दिसत नाही. म्हणून आधी आकडे मांडा. मन दुखावलं, हे त्यानंतर सांगा, आणि जरूर सांगा.

मग मी खोल्या मोजल्या. डोंगरावरच्या घरात पाच खोल्या आणि तुमच्याकडे जोडपीही पाचच: दादा-वहिनी, धाकटा भाऊ, बहीण, काका-काकू, चुलतभाऊ. संपल्या खोल्या. आत्या, त्या घरात आईलाही खोली नाही. एकोणऐंशी वर्षांची बाई आठ मुलांच्या गलक्यात हॉलमध्ये झोपणार, रात्री उठली की अनोळखी घरात अंधारात चाचपडत न्हाणीघर शोधणार. तुम्ही बाजूलाच असणार, म्हणून तिला धरून नेण्याचं कामही न सांगता तुमच्याकडे येणार. फोटोतला समुद्र पाहताना दादांनी हे मोजलेलं नाही. तुम्ही पत्रात स्वतःची खोली मागितलीत, पण आईची मोजायची तुमच्याकडूनही राहिली. मी हे दोष म्हणून सांगत नाही. घरात "एकटं" असलेलं माणूस खोलीच्या हिशेबातून असंच गळतं, मग ते अविवाहित असो नाहीतर विधवा.

मला माझी आत्या आठवली. ती शाळेत शिकवायची, लग्न केलं नव्हतं, आणि मे महिन्यात आम्ही बारा-पंधरा मुलं गुहागरच्या घरी तिच्या जिवावर असायचो. तिची कपड्यांची ट्रंक माजघरालगतच्या खोलीत, एका कॉटखाली असे. पाहुणे आले की ती खोली त्यांना दिली जायची. दुपारी न्हाणीघरातून आली की आत्या ओलेत्या केसांनी पडवीत बसून राहायची. आतली माणसं झोपेतून उठेपर्यंत तिला धुतलेली साडी काढता यायची नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते, मला वाटायचं आत्याला पडवीत बसायला आवडतं. खरं काय ते मला चाळिशीत कळलं, आणि तोवर ती गेली होती.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. तुम्ही जा. पण यंदाची आखणी करायला "हो" म्हणण्याआधी खोल्यांचं ठरवा आणि घर त्यानंतर ठरवा. आजवर उलटं होत आलं. घर आधी आवडतं, पैसे भरले जातात, आणि खोल्या तिथं पोचल्यावर, बॅगा हातात असताना वाटल्या जातात. त्या क्षणी कुणी माणूस "मला हवी" म्हणू शकत नाही, आणि ज्याला मागायची सवय नाही तो हॉलमध्ये जातो.

डोंगरावरचं घर तर मी घेऊच नये म्हणेन. ते बोलून दाखवायला तुमच्याकडे खोल्यांखेरीजही भक्कम कारणं हवीत, म्हणून सांगते. आपल्याकडचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची पठारं, जांभ्या दगडाचे. जांभा पावसाचं पाणी धरून ठेवत नाही, ते झिरपून खाली जातं, आणि मे महिन्यात ज्या विहिरींना पाणी असतं त्या बहुतेक खालच्या वाडीत, आगरात असतात. जुन्या माणसांनी घरं खाली, माडा-पोफळींच्या सावलीत बांधली ती यासाठीच. वरची घरं अलीकडची, समुद्र दिसावा म्हणून बांधलेली, आणि उन्हाळ्यात त्यातली कितीतरी टँकरवर चालतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. वीस माणसांना ते २,७०० लिटर झालं, म्हणजे हजार लिटरच्या जवळजवळ तीन टाक्या, रोज. वर समुद्रावरून आलेली वाळूनं माखलेली आठ मुलं आहेतच. घरमालकाला "पाणी आहे ना?" असं विचारू नका, उत्तर "आहे" असंच येणार. टाकी किती लिटरची, दिवसातून किती वेळा भरते, वीज गेली तर पंप कशावर चालतो आणि मे महिन्यात टँकर कोणाच्या खर्चानं येतो, हे विचारा. आणि पायऱ्या किती, तेही. डोंगरउतारावरच्या पाखाडीच्या पायऱ्या उंच असतात, आई एकदा वर चढल्या की चार दिवस उतरणार नाहीत, समुद्र गॅलरीतूनच बघतील.

खाली वाडीत या. अंजर्ले, मुरुड, कर्दे, लाडघर, दापोलीच्या त्या सगळ्या पट्ट्यात घराच्या आवारातच चार-पाच खोल्या बांधून पाहुणे ठेवणारी कुटुंबं आहेत. राज्य सरकारची न्याहारी-निवास योजना अशाच घरांसाठी आहे. शेजारशेजारची दोन घरं घेतलीत तर सात खोल्या मिळून जातील: पाच जोडप्यांच्या, एक आईची तळमजल्यावर, न्हाणीघर लागून असलेली, आणि एक तुमची. लहानगी आपापल्या आईबापांजवळ झोपतील, मोठ्या मुलांना अंगणात नाहीतर ओटीवर गाद्या घातल्या तर ती खूषच होतील, फक्त मच्छरदाण्या न्या. आणि तिथं जाण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे जेवण. घरमालकीणबाई जेवण करून देतात.

इथं थोडं थांबते, कारण वहिन्यांचं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भाड्याच्या घरात "स्वयंपाकघर आहे" ही सोय म्हणून सांगतात. वीस माणसांचा सकाळचा चहा दोनदा, न्याहारी, दोन जेवणं, मधेच मुलांचं खाणं. ज्या घरात ओटा रिकामा असतो तिथं कुणीतरी त्याच्यापाशी उभं राहतं, आणि ते कोण हे आपल्या घरांमध्ये विचारावं लागत नाही. पैशाचे वाटे सगळी कुटुंबं करतात, कामाचे वाटे मी फार थोड्या घरांत पाहिलेत. तेव्हा ओटाच नको. सकाळी घावन-चटणी नाहीतर पोहे, दुपारी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, आमरस, सोलकढी, मासे खाणाऱ्यांना वेगळं ताट. तुमच्या वहिन्या आयतं ताट समोर घेऊन, समुद्राकडे तोंड करून जेवल्या असं शेवटचं कधी झालं, हे त्यांना एकदा विचारा. खोलीचा विषय काढाल तेव्हा तुमच्या बाजूनं बोलणारी माणसं तुम्हाला तिथंच मिळतील. तुमचं आणि त्यांचं दुखणं एकच आहे. दोघींचंही काम कुणी मोजलेलं नाही.

ज्यांच्याकडे राहाल त्या बाईंचं कामही मोजा मात्र. वीस ताटं म्हणजे तिच्यासाठी पहाटे पाचचं उठणं. उद्याची ताटं किती, त्यातली शाकाहारी किती, हे आदल्या संध्याकाळीच सांगा. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायला सगळे जातीलच, जावंच. तिथून हौसेनं दोन टोपल्या बांगडे घेऊन रात्री आठला तिच्या दारात उभं राहू नका. मासे आणायचे असतील तर आधी बोला, साफ करण्याचे आणि रांधण्याचे पैसे वेगळे द्या, आणि तिनं मदतीला बाई बोलावली तर तिचेही.

आता भाड्याचे वाटे. खोल्यांचं भाडं खोलीप्रमाणे, जेवण ताटाप्रमाणे, लहान मुलांचं अर्धं ताट. नमुन्यादाखल, खोलीचे रात्रीला दोन हजार धरले तर चार रात्रींचे आठ हजार. आईच्या खोलीचे आठ हजार तुम्हा चार भावंडांत, प्रत्येकी दोन. म्हणजे तुम्ही दहा, दादा दहा, धाकटा भाऊ दहा, बहीण दहा, आणि काकांच्या दोन खोल्यांचे सोळा. एकूण छप्पन्न. तुम्ही पूर्वीपेक्षा कमी द्याल आणि कडी लागणारं दार मिळेल. काकांचा वाटा वाढतो, तेव्हा चुलतभावाशी आधी एकट्याशी फोनवर बोला, सगळ्यांसमोर नको. भावंडांपैकी कुणाचा हात यंदा तंग असेल, तर तेही असंच खासगीत.

घरच्या ग्रुपवर काय लिहायचं ते मी लिहून देते, हवं तर तसंच पाठवा:

"यंदाच्या कोकणाची आखणी करायला मी तयार आहे. त्याआधी तीन गोष्टी ठरवूया. आईला तळमजल्यावर स्वतंत्र खोली आणि मला स्वतंत्र खोली. भाडं खोलीप्रमाणे, जेवण ताटाप्रमाणे. हिशेब सोबत पाठवते आहे. जेवण घरमालकांकडेच घ्यायचं, आपल्यापैकी कोणी रांधायचं नाही. ज्यांचे आगाऊ पैसे रविवारपर्यंत येतील त्यांच्या खोल्या मी सोमवारी नक्की करीन."

शेवटी "चालेल ना?" असं जोडू नका. हसरा चेहराही नको. तुम्ही हसलात म्हणून तर गेल्या वर्षी ती गोष्ट तिथंच संपली. मी तुम्हाला दोष देत नाही, सगळे हसत असताना आपणही हसतो. पण यंदा कुणी "तू काय, एकटीच" म्हणालं तर सरळ सांगा, की एकटीलाही कपडे बदलायला दार लागतं. आणि गप्प राहा. पुढं काय बोलायचं ते समोरच्याला सुचू द्या.

धाकट्या भावाशी मात्र ग्रुपवर टाकण्याआधी बोला. ते वाक्य तो विसरला असेल. त्याला सांगा, की मी विसरले नाही. बहुतेक भाऊ हे ऐकून ओशाळतात आणि मग बहिणीच्या आधी तेच खोली मागतात, हे मी पाहिलंय. दादांचं वेगळं आहे. त्यांना एक छत हवंय, आणि त्यामागची ओढ खरी आहे. त्यांना एवढंच विचारा, की चार दिवसांत सगळे एकत्र कधी असतात? जेवताना आणि संध्याकाळी समुद्रावर. झोपताना तर प्रत्येक जण दार लावतोच, तुम्ही आणि आई सोडून. दोन्ही घरांची पंगत एकाच अंगणात मांडा.

तारखा ठरवणार तुम्हीच, म्हणून एक सांगते, आठ मुलांसाठी. सुट्ट्या बघताना पंचांगही बघा. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अंदाज असतो, पण बराचसा जमतो. पौर्णिमा-अमावस्येला हीच भरती अकरा-बाराच्या सुमारास येते, आणि तेव्हा उधाण असतं. मग जेवून, झोप काढून मुलं चार वाजता पाण्यात उतरतात तेव्हा ओहोटीचा जोर असतो, पाणी माणसाला आत ओढतं. अष्टमीच्या आगेमागे भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि तो भांगाचा काळ, पाण्याची चढउतार कमी. चार वाजता उतरलेल्या मुलांना येतं पाणी मिळतं. तेव्हा चार दिवस अष्टमीच्या आसपास धरा. तरीही कमरेच्या वर पाणी नको, आणि गावातला माणूस "आज इथं नको" म्हणाला तर वाद न घालता बाहेर या. मुलांकडे लक्ष ठेवायची पाळी मोठ्यांनी तासातासानं वाटून घ्यावी. आत्या किनाऱ्यावर आहे म्हणून बाकी सगळे निर्धास्त, असं यंदा होऊ देऊ नका.

आईंना महामार्गानं दिवसभर गाडीत बसवण्यापेक्षा ठाण्याहून सकाळच्या मांडवी एक्सप्रेसनं खेडला न्या आणि तिथून दापोलीमार्गे गाडी करा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, मे महिन्याच्या तारखा मार्चमध्ये. पहिल्याच सकाळी तिकिटं काढा. त्यांच्याबरोबर गाडीत यंदा दादांना बसू द्या.

राहिला आईला काय सांगायचं हा प्रश्न. खरं ते सांगा. तुमच्या वयाच्या मुलीनं आईपासून हे लपवून ठेवलं की आई भलतंच काहीतरी धरून बसते. त्यांना आधी विचारा, की तुला डोंगरावर राहायचंय का? मला वाटतं त्यांना सगळे एका पंगतीत जेवताना बघायचंय आणि कड्यावरच्या गणपतीला एकदा जायचंय, आणि या दोन्ही गोष्टी खालच्या घरातून होतात. वरच्या देवळात जायला आता गाडीरस्ता आहे.

आणि इतकं करूनही रविवारपर्यंत कुणी होकार दिला नाही, तर सोमवारी आखणी दादांकडे सोपवा, यादीसकट, न रागावता. तुम्ही पाहुण्या म्हणून जा, नाहीतर जाऊ नका. मे महिन्याची वाट न बघता मार्चमध्ये आईला घेऊन दोन रात्री अंजर्ल्याला जाऊन या. तेव्हा तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडत असतात. गावकरी त्यांना सकाळी आणि संध्याकाळी वाळूवर सोडतात, आणि ती आपापली समुद्राकडे चालत जातात. कोणत्या दिवशी निघतील याचा नेम नसतो, म्हणून निघण्याआधी तिथल्या घरमालकांना फोन करून विचारा, आणि आईंना वाळूपर्यंत नेणारी सपाट वाट कुठून आहे तेही विचारून ठेवा.